एक सेंटिमीटर आखूड

प्रिय भिंगरी,

तुझा तो काच कापायचा प्रोग्रॅम काल दुरुस्त झाला. तुझ्या काकाचा उपद्व्याप! मी गोदामात माल उतरवून घेत होते आणि ह्यानं मशीनवाल्या बाईंना बोलावून घेतलं. त्याचंही खरं आहे म्हणा. परवा एका दुकानाची दर्शनी काच, सांगितली २.३० मीटर, कापली गेली २२९ सेंटिमीटर. काच काय रबर आहे ओढून लांबवायला? काका डोक्याला हात लावून बसला.

खोट कुठे होती सांगू? २.३० हा आकडा म्हणे कॉम्प्युटरला नेमका धरताच येत नाही, केसभर कमी धरतो. शंभरनं गुणलं की येतात २२९.९९, आणि पुढे नुसती नवांची रांग. तू त्याला सांगून ठेवलेलंस, पूर्णांक घे. तर तो गाढव जवळचा आकडा बघायचं सोडून दशांशापुढचं सगळं छाटून टाकायचा! म्हणून १.१५ चा आरसा ११४ चा व्हायचा, पण अडीच मीटर मात्र बरोबर अडीचशे. आणि तू मलाच म्हणायचीस की आई, तू आकडे चुकीचे टाकतेस. बाईंनी छाटण्याऐवजी जवळचा पूर्णांक घ्यायला सांगितलं. एका ओळीचं काम. त्यांचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

मी मात्र काकावर अशी उखडले की बिचारा विचारायला लागला, प्रोग्रॅम सुधारला आणि वहिनी भांडते, हे कुठलं शास्त्र? त्याला काय सांगणार? काच आखूड आली की मी तुला फोन करायचे. तू म्हणायचीस, तूर्त एक सेंटिमीटर वाढवून टाक, मी आले की बघते. तू 'आले की' म्हणालीस म्हणून मी त्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू दिला नाही. काका काचा फुकट गेल्या म्हणून कुरकुरायचा. जाऊ देत गेल्या तर. तुझी नोकरी, तुझ्या सुट्ट्या, सगळं कळतं गं मला. पण घर खायला उठतं, आणि तुझी फार आठवण येते.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू 'बरं झालं बाई, सुटले' म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकवलं नसतं. म्हणून लिहितेय. आता तुझं इथे काहीच काम उरलेलं नाही. तरी येशील का?

तुझीच भांडखोर,
आई