चरबीच्या जागी तूप

अण्णा,

परवा मी नोकरीतून मोकळा झालो. ज्या लोको शेडमध्ये अप्रेंटिस म्हणून शिरलो, तिथूनच फोरमन होऊन बाहेर पडलो. आपल्या काशीतल्या दुर्गाघाटच्या गल्लीतला वैदिकाचा मुलगा, आणि ज्या खुर्चीवर पूर्वी गोऱ्या साहेबाशिवाय कुणी बसलं नव्हतं, तिच्यावर अकरा वर्षं बसला. फुशारकी वाटली तर वाटू द्या, मला अभिमान आहे. लोकांनी हार घातले, आणि एका नव्या साहेबाने भाषणात सांगितलं की यांच्या हाताखालून गेलेलं इंजिन वाटेत कधी बसलं नाही. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसलो होतो, तर लोकांना वाटलं केवढा हा विनय! एक इंजिन बसलं होतं, अण्णा. पण ते ठाऊक असलेलं आता कुणी उरलेलं नाही. तुम्हांला जाऊनही तीस वर्षं झाली.

मी पाठशाळेत टिकलो नाही, याचं तुम्हांला केवढं दुःख! संथा दिली की संध्याकाळपर्यंत विसरायचो, पण शेजारच्या घरची रहाटाची कप्पी कुरकुरली की माझे कान टवकारायचे. रेल्वेत अप्रेंटिस घेताहेत हे कळलं आणि मी अर्ज केला, तेव्हा तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे मला घाटावर नेलंत आणि गुडघाभर पाण्यात उभं करून वचन घेतलंत. शेडमध्ये चरबी वापरतात हे तुमच्या कानावर आलं होतं. तिला हात लावायचा नाही, आणि परत येताना आधी गंगेत बुडी, मग घर. बुडीचं मी कधी चुकवलं नाही. पौषात दात वाजायचे, तरी नाही.

शेडमधले माझे मिस्त्री अलईपुऱ्याचे, विणकराच्या घरातले मुसलमान. हातमाग सोडून हातोडी धरलेली. ते मला पंडित म्हणायचे आणि मी त्यांना उस्ताद. पहिले सहा महिने त्यांनी मला नुसतं पुसायला लावलं, मग एक दिवस पॅकिंग शिकवायला घेतलं. पिस्टनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून वाफ सुटू नये म्हणून त्याच्याभोवती सुताची वेणी घट्ट ठासून भरतात. ती वेणी आधी तापवलेल्या चरबीत भिजवायची; ते काम तेव्हा उस्ताद स्वतःच करायचे, मी नुसती वेणी वळायचो. बाकीच्या पोरांच्या वेण्या म्हणजे सुंभाचे दोर. मी टकळीवर जानव्याचं सूत कातत लहानाचा मोठा झालेलो. माझी वेणी अशी उतरली की उस्तादांनी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. "ई त जनेऊ हौ, पंडित! इंजन क जनेऊ!" अण्णा, पाठशाळेत आठ वर्षांत मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

त्या माघात सूर्यग्रहण आलं. आदल्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, यात्रेकरूंच्या जादा गाड्यांसाठी एकेक इंजिन घाईघाईने तयार होतंय. उस्ताद एका इंजिनाच्या पोटाखाली आहेत आणि तिथूनच मला ओरडून सांगताहेत, "चर्बी में डुबो के भर दे, पंडित, हम अभी आवत हईं." वेणी माझ्या हातात आहे. आणि चरबीच्या डब्याऐवजी माझा हात जातो शिदोरीच्या फडक्याकडे, आईने भाकरीवर घालायला दिलेल्या तुपाच्या डबीकडे. घरच्या गाईचं तूप. ते वितळवून मी वेणी त्यात बुडवली आणि भरली. उस्तादांनी येऊन पाहिली, दाबून पाहिली, ठीक आहे म्हणाले. तुपाची शंका त्यांना कशी यावी?

दुसऱ्या दिवशी ते इंजिन मुघलसरायहून यात्रेकरूंची गाडी घेऊन निघालं. तूप पातळ होऊन गळून गेलं, कोरडी वेणी जळली आणि पूल यायच्या आधीच, गंगेच्या पलीकडच्या काठावर, वाफेचा असा लोट उठला की ड्रायव्हरला सिग्नल दिसेना. आंधळेपणाने पुलावर जायचं नाही म्हणून त्याने गाडी थांबवली. दुसरं इंजिन येईपर्यंत ग्रहण सुटलं. डब्यांतून माणसांना समोर काशीचे सगळे घाट दिसत होते आणि स्नान करता येत नव्हतं. काहीजण उतरून त्याच काठाच्या वाळूत धावले आणि तिथेच बुड्या मारल्या. पण त्या काठाला काशी कोण म्हणतं?

त्याच गाडीत तुमचे वऱ्हाडातले यजमान होते. संध्याकाळी बुडी मारून घरी आलो तर ओसरीवर त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आजी बसलेल्या. रडत नव्हत्या, नुसत्या हातातल्या कोरड्या लुगड्याची घडी घालत आणि मोडत होत्या. "गुरुजी, एवढ्यासाठीच जीव धरून होते हो," म्हणाल्या. दुसरा कुणी तीर्थोपाध्याय असता तर सांगून मोकळा झाला असता की आजी, मनोभावे दर्शन झालं, पुण्य पोचलं. तुम्ही म्हणालात, "उद्या तुम्हांला संकल्प सांगून स्नान घालतो. पण ते ग्रहणस्नान नव्हे, आजी. तसं मला खोटं सांगता येणार नाही." मी खांबाआड उभा होतो.

सकाळी तुमची संध्या आटोपल्यावर मी सांगून टाकलं. गाडी माझ्यामुळे अडकली, चरबीच्या जागी मी तूप घातलं. तुम्ही ओरडला नाहीत. विचारलंत, "मिस्त्रीनं काय घालायला सांगितलं होतं?" मी म्हटलं, चरबी. "मग?" मी म्हटलं, "तुम्ही वचन घेतलं होतं ना."

तुम्ही पळी-पंचपात्र बाजूला ठेवलंत. मग म्हणालात, "वचन होतं तर त्याला तसं सांगायचं, की हे काम माझ्याच्यानं होणार नाही. त्याला न कळवता त्याच्या कामात आपलं घुसवायचं, हे कुठलं सोवळं? उद्या मी होमात तुपाच्या जागी चरबी ओतली आणि यजमानाला पत्ता लागू दिला नाही, तर मला काय म्हणशील?" आणि उपरणं घेऊन उठलात. "चल. रस्ता दाखव."

फोरमन साहेब अप्रेंटिसांच्या यादीतून माझं नाव कापायला निघाला होता. उस्तादांनी कसाबसा एक दिवस मागून घेतला होता. अशात कोळशाच्या धुरातून तुम्ही येताय, कपाळाला भस्म, पायात खडावा, रूळ ओलांडताना धोतर सावरताय. सगळी शेड हातातलं काम टाकून बघतेय. तुम्ही उस्तादांपुढे हात जोडलेत. तुम्ही, ज्यांनी काशीच्या महाराजांच्या दरबारातही आधी मान लववली नव्हती! "दोष हमारा है। वचन हमने लिया था, लड़के का क़सूर नहीं।" उस्ताद गडबडले, हात धरू की नको कळेना त्यांना. मग तुम्ही जळलेली वेणी मागून घेतलीत, उलटीसुलटी करून पाहिलीत, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "तुझं वचन मी सोडलं. घाल हात त्या डब्यात."

मी कोपरापर्यंत हात घातला. नवी वेणी भिजवून, ठासून, नट आवळून होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. ते पाहून उस्ताद स्वतः साहेबाकडे गेले आणि माझं नाव राहिलं. गल्लीत पुढे खूप बोलणं झालं. दोन घरांनी तुम्हांला श्राद्धाला बोलावणं बंद केलं. तुम्ही एका शब्दाने मला ते ऐकवलं नाहीत. पुढे चाळीस वर्षं मी अप्रेंटिस पोरांना कामाला लावताना न कळवता दुसऱ्याच्या कामात आपलं घुसवायचं नाही, हे तुमचंच वाक्य हिंदीत सांगत आलो आणि बाप कोणाचा आहे म्हणून छाती फुगवत आलो.

आता खरं सांगतो. वचन मी आधीच मोडलं होतं. पहिल्याच थंडीत हाताला भेगा पडल्या, तेव्हा उस्तादांनी दिलेली चरबी मुकाट्याने चोळली होती, आणि पुढेही चोळत राहिलो. त्या दिवशी तूप घातलं ते तुमच्यासाठी नाही. चरबीचा डबा काळाकुट्ट होता आणि माझी वेणी पांढरीशुभ्र. तिची सगळ्यांनी तारीफ केली होती, ती मळवायला जिवावर आलं, एवढंच. तुम्ही "मग?" म्हणालात, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तुमचं नाव पुढे केलं. आणि तुम्ही ते अंगावर घेऊन सगळ्या शेडसमोर हात जोडलेत.

तुम्ही समोर असतात तर हे आजही माझ्या तोंडून निघालं नसतं.