टपावरचं ऊन

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोडोली, २ एप्रिल २००४

चि. संगमेश यास नागाप्पा दाजीचे अनेक आशीर्वाद.

तू हुबळीच्या दुकानातनं धाडलेलं सोलर पॅनल पोचलं. पुस्तकासारखं उघडायचं, एवढं कळलं. बाकी सगळं डोक्यावरनं गेलं, कागद इंग्रजीत हाय. तीस वर्षं एसटी चालवली, घाटात ब्रेक गेला तरी घाबरलो न्हाय, पण ह्या दोन तारांनी घाम फोडलाय.

रिटायर झाल्यावर जुनी मॅटाडोर घेतली, आत पलंग केला, शेगडी बसवली, हे तू बघितलंसच. बसव जयंतीला तुझ्या आक्काला घेऊन निघायचं, गोकर्णापासनं कन्याकुमारीपर्यंत, चांगलं सहा महिने. मुक्कामाला दिवा-पंखा न्हाय चालला तर तिला अंधारात कुठं नेऊ? माझा गुडघा क्लचनं खाल्लाय, पॅनल मांडायला गाडीच्या टपावर आक्काच चढती. तवा नीट मराठीत लिहून कळव.

घरच्यांना आशीर्वाद. आठवण ठेव.
तुझा दाजी, नागाप्पा

हुबळी, ६ एप्रिल २००४

ती. दाजींच्या चरणी संगमेशचा शि. सा. न. वि. वि.

घाबरू नका. आधी बॅटरी कंट्रोलरला, म्हणजे सोबत धाडलेल्या छोट्या डबीला जोडा, मग पॅनल. लाल तार लाल खुणेला, काळी काळीला. पॅनल दक्षिणेकडं जरा तिरपं ठेवा. वर सावली अजिबात नको, चिंचेची फांदीसुद्धा नको. कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला की बॅटरी भरायला लागली म्हणायचं. कंडक्टरनं घंटी मारली म्हणून हे चालू होत नाही बरं का!

आक्काला शिडीवर जपायला सांगा. आमच्यावर आहे ती माया राहू द्या.
आपला, संगमेश

कोडोली, १४ एप्रिल २००४

चि. संगमेश यास अ. उ. आ.

तू लिहिलंस तसं तंतोतंत केलं. हिरवा दिवा काय लागंना. ऊन म्हणशील तर डोकं भाजतंय. पण रविवारी आक्का जोतिबाला गेलती, त्या दिवशी सकाळपासनं दिवा लागला, रात्री पंखा भणाणला! सोमवारी परत ठणठणाट. आमच्या आकाराम वायरमननं तारा तपासल्या. वर चढतो म्हणाला, तर आक्कानं त्याला च्या दिला आणि स्वतःच चढून पुसून आली. लगेच दिवा लागला. तो गेला, दिवाही गेला. तुझ्या बहिणीच्या अंगात चुंबक हाय का काय?

माझं तर डोकंच चालंना झालंय. जयंतीपर्यंत जमलं न्हाय तर गाडी विकून टाकतो. साधा दिवा लावता येत न्हाय तो बायकोला काय मुलूख दाखवणार!

लवकर उत्तर दे, लोभ तर हायच.
नागाप्पा

कोडोली, १५ एप्रिल २००४

चि. माझा धाकटा भाऊ, तम्मा संगमेश यास शांताआक्काचा आशीर्वाद.

हे पत्र दाजींना कळू देऊ नगंस. पहिल्या दिवशी मला खरंच ठाऊक नव्हतं. टपावर एवढं फर्मास ऊन, मग लुगडं पसरून सांडगे घातले. पॅनल खाली झाकलं गेलं. कठड्यामुळं खालनं त्यांना दिसलं न्हाय. संध्याकाळी दिवा लागंना, हे म्हणाले निघणं लांबलं. तवा माझ्या ध्यानात आलं. त्या दिवसापासनं मुद्दाम घालते. गल्लीला पुरून उरतील एवढे सांडगे झाले, तरी घालते.

काय करू रे? तीस वर्षं हा माणूस एक दिवस घरात, चार दिवस रस्त्यावर. दिवाळीतली निम्मी ताटं मी झाकून ठेवली. आत्ता कुठं रोज समोर बसून जेवतात. त्यांना परत रस्त्यावर धाडू व्हय? पण तोंडावर बोलवत न्हाय. गाडीच्या पडद्यांना माझ्या आवडीचा मोरपंखी रंग हुडकून आणलाय त्यांनी. पॅनलच खराब निघालं म्हणून कळव.

लेकरांना मुके.
तुझी आक्का

हुबळी, १८ एप्रिल २००४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

मी दोघांच्या मध्ये चेंगरलोय. खोटं लिहिलं तर दाजी गाडी विकतील आणि जन्मभर स्वतःला नालायक म्हणतील. खरं लिहिलं तर तू मला दारात उभं करणार नाहीस. म्हणून दाजींना काहीच लिहीत नाही. सांडगे तू घातलेस, तूच काढ. रागावलीस तरी चालेल, परकं करू नकोस.
तुझा तम्मा

कोडोली, २४ एप्रिल २००४

चि. संगमेश यास अ. उ. आ.

जयंतीच्या आदल्या दिवशी गारगोटीचं गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. त्यानं चावी फिरवली आणि तुझी आक्का तरातरा शिडी चढली, लुगडं ओढलं. सांडगे अंगणभर! हिरवा दिवा लख्ख. वरनंच ओरडली, पावणं, गाडी विकायची न्हाय. मग खाली उतरून सगळं सांगितलं, त्या माणसासमोरच.

आधी डोक्यात राग गेला, मग लाज वाटली. घाटात कुठं धबधबा दिसला की मी म्हणायचो, हे हिला दाखवायला पायजे. तीस वर्षं तेवढंच ठरवत आलो. आणि ही हितं माझी वाट बघत बसलेली, हे मला कुणी सांगितलं न्हाय. मी तरी कुठं विचारलं?

सहा महिने रद्द. चार दिवस गोकर्ण, तेही ती हो म्हणाली म्हणून. सोमवारी निघतो.

सांडगे धाडलेत, गोड मानून घे.
तुझा दाजी, नागाप्पा

ता. क. आत्ता पिशवी भरता भरता आक्कानं सवयीनं विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, अगं, तू शेजारी बसणार हायस की. ती माझ्याकडं खुळ्यासारखी बघत राहिली, पदर तोंडाला लावून रडली आणि मॅटाडोरच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. निघायला अजून दोन दिवस हायत, पण उतरायला तयार न्हाय.