मापाला मदत

ता. ४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

या रेडिएशनची खरी किंमत सांगतो. बिल विमा कंपनी भरते, ते सोड. पण वर्कशॉपचा रोज अर्धा दिवस जातो, पाणी पिऊनच या म्हणतात, म्हणून भरल्या मूत्राशयाने गाडीत प्रत्येक खड्डा सोसावा लागतो, आणि तुझी वहिनी माझ्यावर ओरडायची बंद झाली आहे. हे शेवटचं फार महाग पडलं. फोनवर ती कान लावून असते, म्हणून पत्र.

माझा गोंधळ असा. प्रोस्टेट तर मागेच ऑपरेशन करून काढली. आता रक्तातला पीएसएचा, म्हणजे या कॅन्सरची चाहूल देणारा, आकडा पुन्हा चढला, म्हणून ती जिथे होती तिथे किरणं सोडतात. स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही, मग नेम कशावर धरता, असं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, मागे राहिलेल्या पेशी दिसण्याइतक्या मोठ्या नाहीत, म्हणून ती जागाच भाजायची. म्हणजे खिडकी काढून नेली आणि वाळवी भिंतीत असेल असं धरून चालायचं! कळल्यासारखी मान हलवली झालं.

किरणांआधी रोज आतला फोटो काढतात आणि मूळ फोटोशी ताडून बघतात. स्पीकर उघडाच असतो आणि माझे कान तुला ठाऊक आहेत. त्या खोलीत माझ्यापासून काही लपत नाही. टेक्निशियन पोरगी म्हणते, दोन मिलिमीटर डावीकडे. दारं-खिडक्या करण्यात जन्म गेला माझा, दोन मिलिमीटर म्हणजे किती ते मला कोणी शिकवायला नको. मी लगेच तेवढा सरकून देतो. पोरांना तेवढीच मदत. तरी पुन्हा फोटो, आणि पुन्हा ती कुजबुजते, आजही जुळत नाही. याचा अर्थ एकच. आत रोग जागा बदलतोय आणि मला सांगत नाहीत. परवा तर म्हणाली, काका, शांत पडून राहा. असं कुठल्या पेशंटला सांगतात ते मला समजतं.

सोमवारपासून जायचं नाही असं मनात आहे. वहिनीला बोललो नाही, तूही बोलू नकोस.

लोभ आहेच, तो आहे तसा राहू दे.
तुझा दादा


ता. ७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले. मग पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. अरे, माझ्या दुकानात कमरेला टेप लावली की गिऱ्हाईक पोट आत घेतं. त्याला वाटतं, बाईंना मदत करतोय. मग पँट चढत नाही आणि भांडायला माझ्याकडेच येतं. दादा, तू पोट आत घेणारं गिऱ्हाईक आहेस! ती पोरगी टेबल सरकवत असणार, आणि वर तू आणखी सरकतोस. जुळेल कसं?

मला त्या मशीनमधलं काही कळत नाही. चुकले असेन तर खुशाल बंद कर, वहिनीला सांगायला मी स्वतः येईन. पण आधी तू काय करतोस ते त्या पोरीला सांग. अडाणी ठरण्यापेक्षा मेलेलं परवडलं, असं तुझं असतं. मला ते परवडणार नाही.

राग मानू नकोस. माया असू दे.
तुझी धाकटी


ता. ११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सांगितलं. पोरगी आधी भिंतीला टेकून हसली, मग दुसऱ्या टेक्निशियनला बोलावून मला पहिल्यापासून सांगायला लावलं. टेबल बाहेरून बटणावर सरकतं. मी नुसतं ओंडक्यासारखं पडायचं. जुळल्याशिवाय किरणं सोडतच नाहीत, त्यामुळे भलतीकडे काही भाजलं नाही. फक्त फोटो वाढले आणि माझ्यामागचे लोक पाणी पिऊन ताटकळले. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही.

वहिनीलाही सगळं सांगून टाकलं. जेवण होईपर्यंत ओरडत होती. फार बरं वाटलं.

आज हललो नाही, पहिल्याच फोटोत जुळलं. उपचार पुरे करणार. गोंधळ मात्र आहे तिथेच आहे. रोग जागा बदलत नाही हे समजलं. तो तिथे आहे का, हे कुठे समजलं?

मायेत खंड पडू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. क. निघताना डॉक्टरांना विचारलं, लागलं का नेमकं? म्हणाले, काही महिन्यांनी रक्त तपासल्यावर कळेल. तोवर त्यांनाही माहीत नाही.