मारबतीच्या गलक्यात दिलेली दवंडी आणि चैतू गुराख्यावर आलेला ठपका

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा चांदा

अर्जदार : डोमा मुखरू उंदिरवाडे, कोतवाल, मौजा पळसबोडी

विषय : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दवंडी ही दवंडी नव्हती, असे खऱ्या दवंडीने जाहीर करण्याचा हुकूम मिळण्याबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या कचेरीतून आलेले उत्तर.

महोदय,

मी वरील गावचा कोतवाल असून माझे वडीलही कोतवालच होते. आमच्याकडे जमीन नाही, डफडे आहे. देवीची साथ आली, वाघ आला, तलावाचे पाणी सोडायचे झाले, तर गावाला आधी आमचे डफडे ऐकू येते. लोक म्हणत, "डोम्याचं डफडं वाजलं म्हंजे खरंच हाये." हे वाक्य आता गावात कोणी बोलत नाही, म्हणून हा दुसरा अर्ज करीत आहे.

१. धानावर किडीचे औषध फवारण्यापूर्वी दोन दिवस गावात दवंडी द्यावी व चावडीवर लेखी नोटीस लावावी, असा नियम असल्याचे मला कृषी निरीक्षक श्री. सातफळे यांनीच सांगितले. ते पोळ्याच्या संध्याकाळी आले. माझ्या अंगणात खाटेवर बसले आणि माझ्या घरचा चहा प्यायले. कोतवालाच्या घरचा चहा पिणारे साहेब इकडे फार येत नाहीत. माझ्या बायकोने कप घासून पुन्हा घासला. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी दवंडी देऊन टाक."

मी म्हणालो, "साहेब, उद्या मारबत हाये. उद्या डफड्याचं बोलनं कोनी मनावर घेत नाई."

आपण बाहेरगावचे आहात म्हणून खुलासा करतो. पोळ्याला आम्ही दारोदार पळसाच्या फांद्या लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटून सारे गाव ओरडत शिवेबाहेर टाकून येते; गावची रोगराई घेऊन जाणारी हीच मारबत. पुढे मी डफडे घेऊन एकेका पीडेचे नाव घेतो आणि मागून गाव ओरडते, "घेऊन जा गे मारबत!" मी खोकला म्हणालो, की घेऊन जा गे मारबत. खरूज म्हणालो, माशा म्हणालो, तरी तेच. त्या दिवशी मी स्वतःच्या मरणाची बातमी दिली असती, तरी लोकांनी तीही मारबतीबरोबर पाठविली असती.

हे ऐकून निरीक्षक साहेब हसले. म्हणाले, "अरे, सकाळची दे, कागदावर यायला पाहिजे. संध्याकाळी पुन्हा शांतपणे दे. त्याआधी औषधाचा थेंब पडणार नाही, माझा शब्द." असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी विश्वास ठेवला.

२. हुकुमाप्रमाणे मी मिरवणुकीतच ओरडलो, "वरच्या बांध्यांमंधी किडीचं औषध मारनार हायेत, गुरं नेऊ नोका, पानी पेऊ नोका!" गाव ओरडले, "घेऊन जा गे मारबत!" सर्वांत मोठा आवाज सुगंधाबाईंचा होता. त्या एकट्या बाई शेती करतात. बैलांना आदल्या दिवशी पुरणपोळी चारल्याच्या खुशीत त्या सूप वाजवीत माझ्यामागेच चालत होत्या.

३. एकाच माणसाला शंका आली. आमच्या गोंड टोल्यावरचा, म्हणजे गोंडांच्या वस्तीतला चैतू, गावाचा गुराखी. शिवेवरून परतताना त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, मंधातला तो औषधाचा हाका खरा होता का खेळातला?"

मी त्याला सांगितले, "खरा हाये, पन आज काई नाई. सांजेले पुन्हा वाजवीन, मंगच औषध. जा तू, ने गुरं."

दुपार कलल्यावर तो माझ्या शब्दावर गुरे घेऊन वरच्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेतांकडे गेला. फवारणीचे पंपवाले गावात न येता नाल्याच्या वाटेने आले होते आणि त्याआधीच, भर दुपारी, औषध मारून निघून गेले होते. बांधावरचे गवत ओले होते, ते कशाने ओले हे चैतूला कळायला मार्ग नव्हता. दिवस मावळायच्या आत पाच बैल आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांत सुगंधाबाईंची जोडी होती. पोळ्यासाठी शिंगांना लावलेला हिंगूळ अजून ताजा होता. मी संध्याकाळच्या दवंडीसाठी डफडे शेकून तयार ठेवले होते. ते वाजवायची वेळच आली नाही.

महोदय, मी खोटे बोललो नाही. माझ्या तोंडून खोटे बोलविले गेले. हे दुःख मी कोणत्या खात्याकडे नोंदवावे, ते कळवावे.

४. पहिल्या अर्जाच्या उत्तरात कचेरीने कळविले, की "दवंडी रीतसर झाली असून ग्रामस्थांनी एकमुखाने व मोठ्या आवाजात प्रतिसाद देऊन समज मिळाल्याचे दर्शविले आहे." हे खरे धरल्यास खरूज, खोकला व माशा यांनाही आमचे गाव दरसाल रीतसर समज देत आले आहे. या पीडा अद्याप गाव सोडून का गेल्या नाहीत, याचीही चौकशी व्हावी.

पुढे लिहिले आहे, की लेखी नोटीस चावडीच्या दारावर लावली होती. लावली होती, हे मला मान्य आहे. खळ नव्हती म्हणून शिपायाने ती दाराच्या पळसफांदीत खोचली. सकाळी ती फांदी गावाने शिवेबाहेर फेकली. अशा रीतीने सरकारी नोटीस सर्व रोगराईसोबत वाजतगाजत गावाबाहेर गेली आणि तिला पोचवायला पुढे मीच होतो. ढिगातून ती मी नंतर शोधून आणली.

शेवटी लिहिले आहे, की "सूचना मिळूनही गुरे नेणारा गुराखी बेफिकीर आहे." हे एक वाक्य गावाने उचलून धरले. सरकारशी भांडता येत नाही, चैतूशी येते.

५. येत्या बुधवारी पंचायत बसत आहे. चैतूकडून गुरे काढून घ्यायची, असे ठरल्यासारखेच आहे. गुरे गेली की त्याला या गावात राहायला कारण उरत नाही. त्याची बायको सोमारी भावाकडे जायची गाठोडी बांधून बसली आहे. चैतूने पंचांना माझे नाव सांगितलेले नाही. मी सांगायला गेलो, तर पंच म्हणाले, सरकारी कागदापुढे तुझे तोंडी काय कामाचे. चैतू मला एवढेच म्हणाला, "भाऊ, मी तं तुले इचारलो होतो." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मधल्या काळात निरीक्षक साहेबांनी एक तयार जबाब माझ्या सहीसाठी पाठविला आहे. दवंडी सर्वांस नीट समजली, असा त्यात मजकूर आहे. सही न केल्यास नोकरीचा विचार करावा लागेल, असा तोंडी निरोपही आहे. मी पोंभुर्ण्याच्या बाजारात त्यांना गाठून राम राम केला. त्यांनी सोबतच्या माणसाला विचारले, "हा कोण?" माझ्या घरचा कप त्यांच्या लक्षात राहिला नाही. आमच्या मात्र आहे. त्या कपातून आता घरात कोणी चहा पीत नाही.

६. सबब विनंती, की पुढील मजकुराची दवंडी देण्याचा मला हुकूम व्हावा : "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिलेली दवंडी कोणी ऐकली नाही, कोणाला ऐकू जाऊ नये अशाच वेळी ती देवविली होती. चैतूने कोतवालाला विचारले होते. कोतवालाने जा म्हटले. कोतवालाला साहेबांनी सांगितले होते."

हुकुमावाचून डफडे वाजविल्यास कोतवालाची नोकरी जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही बुधवारी सकाळपर्यंत हुकूम न आल्यास पंचायत बसण्यापूर्वी मी वरील दवंडी चावडीपासून गोंड टोल्यापर्यंत देणार आहे. त्या दिवशी सण नाही, लोक ऐकतील. काही करण्यापूर्वी सूचना द्यावी असा नियम आहे, म्हणून ही सूचना आपणास आगाऊ देत आहे. ती वाचून आपण "घेऊन जा गे मारबत" म्हणालात, तरी आपल्याला समज मिळाली असे मी धरीन.

आपल्या हुकुमाची बुधवारपर्यंत वाट पाहणारा,
डोमा मुखरू उंदिरवाडे
कोतवाल, मौजा पळसबोडी
ता. २१ सप्टेंबर १९५७

सोबत :
१) शिवेबाहेरच्या ढिगातून आणलेली नोटीस, पळसाच्या काडीसह.
२) निरीक्षक साहेबांनी पाठविलेला जबाब, सही न करता परत.
डफडे सरकारी असल्याने तेही जमा करावयाचे आहे. परंतु ते बुधवारनंतर पाठवीन.