यादीतली सतरावी चूक

डेजॉन,
१६ नोव्हेंबर, गुरुवार

उन्जूताईस,

घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. गेल्या रविवारी वर्षाची किमची घातली, चाळीस कोबी. तू आली नाहीस म्हणून तुझ्या वाटणीचं मीठही मलाच चोळावं लागलं, हातांची सालं निघाली. दातांच्या लॅबमधलं माझं काम ठीक चाललंय. तू कशी आहेस असं पत्रात विचारायची पद्धत असते, म्हणून विचारते.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद.

आज बारावीच्या पोरांची मोठी परीक्षा. दुपारी इंग्रजी ऐकण्याचा पेपर असतो ना, तेवढा वेळ विमानंसुद्धा थांबवतात आपल्याकडे. ऐकणाऱ्यांचे काय लाड! असो.

आठवड्याला दोन भाग करत काल तुमची 'तिसरा बाक' मालिका संपली. तुम्हा लेखकांचं अभिनंदन. आई सोफ्यावर बसून रुमालाने नव्हे, आख्ख्या टॉवेलने डोळे पुसत होती. "किती गुणाचं पोरगं गं! असा जावई मिळायला भाग्य लागतं." मी म्हटलं, "आई, याच मुजिनने दुसऱ्या भागात सबीच्या कानातलं मशीन उपटून फरशी पुसायच्या बादलीत टाकलं होतं." तर म्हणते, "अगं, तेव्हा लहान होता तो. सुधारला की आता." तेव्हा म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी!

सुधारला म्हणजे काय केलं? हातांच्या भाषेतल्या तीन खुणा शिकला. तीन! 'नमस्कार', 'सुंदर' आणि 'माफ कर'. तेवढ्यावर सगळा देश त्याच्यावर लट्टू झाला. आणि तुमची सबी? तिचं काम करणाऱ्या बाईला चांगलं ऐकू येतं आणि खुणा येत नाहीत. चौथ्या भागात खाली अक्षरं येतात, 'माझं मन भरून आलं', आणि हातांनी ती म्हणते, 'मला भूक लागली'. आमच्या प्रेक्षकांच्या ऑनलाइन गटात त्या रात्री कुणी झोपलं नाही. पण तेही एक वेळ चाललं असतं. तिने हात वर केले रे केले की तुमचा कॅमेरा पळतो मुजिनच्या डोळ्यांकडे. ती बोलतेय आणि तुम्ही तिचं बोलणंच चौकटीबाहेर टाकता. त्या डोळ्यांत आम्ही काय वाचायचं, ताई? पापण्या?

गटातली हान्बितताई तुला माहीत नसेल. ऐकू न येणारी, ग्वांग्जूमध्ये बेकरी चालवते, तोंडाने नाही पण बोटांनी भयंकर फटकळ. तिने लिहिलं होतं, 'आमचे हात कापतात आणि वर म्हणतात, आम्ही तुमचा आवाज झालो. आवाज मागितला होता कुणी?' तिनेच मालिकेतल्या चुकांची यादी केली. एक्केचाळीस निघाल्या. मी टाइप करून दिली.

ट्रकचं तुला मी काय सांगणार! तुझ्याच खिडकीखाली तीन दिवस फिरत होता. प्रेक्षक चिडले की आपल्याकडे दगड मारत नाहीत, वर्गणी काढून मोठा पडदा लावलेला ट्रक चॅनलच्या दारात पाठवतात. आमच्या पडद्यावर पाच वाक्यं होती. पहिली चार गटाने मतं घेऊन ठरवली, 'हात दाखवा' वगैरे. पाचवं कुणीतरी ऐन वेळी घातलं: 'शेवटच्या भागात सबीचं ऑपरेशन करून तिला पहिल्यांदा मुजिनचा आवाज ऐकवू नका.'

तो भाग तोवर कुणीच पाहिलेला नव्हता. हान्बितताईने विचारलं, 'हे कुठून कळलं?' उत्तर गेलं, 'खात्रीचं आहे.'

आईला तू सांगितलंस की दमलेय, सुट्टी घेतलीय. मी बातमी वाचली. 'कथा बाहेर फोडल्यावरून लेखनाच्या खोलीतल्या सर्वांत धाकट्या लेखिकेला काढलं.' नाव नव्हतं. नाव कशाला हवं? त्या खोलीत सगळ्यांची कॉफी कोण आणतं, ते मला माहीत आहे.

चुसॉकच्या सणाला आपण दोघी भांडी पुसत होतो. आई बाहेर फळं सोलत होती. तू हात कोरडे केलेस आणि खुणांनी मला शेवट सांगितलास. घरात खुणा फक्त आपल्या दोघींना येतात म्हणून. मी विचारलं, 'ऑपरेशन कशाला? ती आहे तशी काय वाईट आहे?' तू म्हणालीस, 'मुख्य लेखिकेला तेच हवंय. मी काय, नुसती टाइप करते. कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल.'

कुणीतरी म्हणजे मी, ताई. पाचवं वाक्य माझं. बोट घसरलं नाही, रागाच्या भरात पटकन गेलं असंही नाही. दोनदा वाचलं आणि मग पाठवलं. तू आधीच सांगितलं होतंस काय होईल ते. म्हणूनच पाठवलं.

कारण ती बादली. निळी, एका बाजूचा कान तुटलेली. सातवीत वर्गातल्या ओ ग्योंताएने माझं मशीन ज्या बादलीत टाकलं, तीच. वर्ग हसत होता ते मला ऐकू येत नव्हतं, नुसते उघडे जबडे दिसत होते. हे मी जगात एका माणसाला सांगितलं होतं. ते माणूस तेव्हा बारावीत होतं, चार दिवसांवर परीक्षा होती. मशीन हरवलं असं मी आईला सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. नऊ वर्षांनी टीव्ही लावते तर समोर माझीच बादली. आणि आठव्या भागात ते पोरगं नायक, हातात छत्री, मागे पियानो! तुला दुसरं कुणी मिळालं नाही प्रेमात पाडायला?

आता सतरावी चूक. सहाव्या भागात मुजिन माफी मागतो, आठवतं ना? 'तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, आईला सांगू नकोस, उगाच मोठं होईल. परीक्षा झाली की बघू. परीक्षा झाली आणि मी बघितलंच नाही.' गटात हसून हसून पुरेवाट झाली. 'बादली यानेच फेकली, मग तिने यालाच कधी सांगितलं? आणि कुणाची आई? लेखक झोपले होते का?' मीही हसरे चेहरे पाठवले. यादीत सतराव्या नंबरवर मीच टाइप केलं: 'माफीचा प्रसंग निरर्थक.'

तो प्रसंग मी अकरा वेळा पाहिलाय.

ती माफी मुजिनची नाहीच. ग्योंताएने कधी माफी मागितली नाही, आज तो दुचाकी विकतो आणि मजेत आहे. ती तुझी माफी आहे. नऊ वर्षं तुझ्या घशात अडकलेली, आणि काढलीस ती त्याच्या तोंडून! त्याला फुकट धुऊन काढलंस. आख्ख्या देशाने त्याला माफ केलं, आईनेही केलं. मला मात्र कुणी काही विचारलंच नाही. ताई, मला इतका राग आलाय की लिहिताना कागद फाटतोय.

तुला काढल्यावर त्यांनी शेवट बदलला. ऑपरेशन काढलं, गच्चीवर चुंबन घातलं. सबीचे हात त्याच्या मानेमागे, दिसतच नाहीत. गट म्हणतो, आपण जिंकलो. हान्बितताईने सगळ्यांना केक पाठवला. माझा डबा मी उघडलेला नाही.

तुझी नोकरी मी घालवली, मुद्दाम घालवली. त्याचं मला फार वाईट वाटतं. राग मात्र गेलेला नाही. दोन्ही एकदम आहे, काय करू?

रविवारी जेवण झाल्यावर मी आईला सगळं सांगणार आहे, बादलीचंही आणि ट्रकचंही. तू आलीस तर तुझ्यासमोर, नाही आलीस तर तुझ्याविना. आलीस तर तुझं तू सांग. आईसाठी तोंडाने बोल आणि माझ्यासाठी हातांनी. मी माफ करीनच असं नाही. तूही मला करू नकोस, वाटलं तर.

पण या वेळी मला 'थांब' म्हणू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच बहीण,
दाहे