मांजरांच्या यंत्राबाबत कलम तीन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, त्याचाच त्रास आहे.

१. माझं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला मिळावी.

२. भिंगं आणि चिमटे कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला द्यावेत. समोरच्या शिंप्याने सहा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून माझी शिडी नेली. ती त्यालाच दिली असं समजावं. निदान त्याच्या घरात ती चोरीची राहणार नाही.

३. मांजरांना वेळेवर खाणं देणारं यंत्र कुणालाही देऊ नये. भंगारात घालावं. कारण लिहितो, कारण बोलायला तोंड नाही.

धाकटी रोज दोनदा येऊन चार मांजरांना चार कोपऱ्यांत वाट्या मांडायची आणि शेवटची वाटी संपेपर्यंत तिथेच बसायची. बसल्या बसल्या माझा उद्धार चालायचा. "दादा, पडदे धू. दादा, गोळी घेतलीस का?" मला ती कटकट नको झाली होती. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचं नुसतं निमित्त करून मी यंत्र आणायला गेलो.

दुकानदाराने दोन यंत्रं दाखवली. एकाची झाकणं मांजराच्या गळ्यातला बिल्ला ओळखून ज्याची त्यालाच उघडायची. "काका, घरात चार आहेत ना? मग हेच न्या. एखादं दांडगं असतंच." पण त्यावरचं घड्याळ चार मिनिटं मागे दिसलं आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्याला ताटली एकच, पण वेळ सेकंदाला पक्की. जन्मभर घड्याळं उघडलेल्या गाढवाने तेच घेतलं. यंत्र वेळ पाळतं का, एवढंच बघितलं. खातंय कोण, ते बघितलंच नाही.

"मग आता माझं काय काम?" असं म्हणून धाकटी यायची बंद झाली.

बोका बहुतेक सगळं फस्त करायचा, उरलंसुरलं बाकीची दोघं ओढून खायची. भित्री, आमची सगळ्यात लहान मांजरी, मोटरच्या घरघरीला घाबरून कपाटामागे बसायची. ताटली रिकामी दिसली की मी खूश. पंधराव्या दिवशी तिला उचललं, तर हाताला नुसती हाडं लागली. डॉक्टरांनी सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी गेली.

बहिणीला मी सांगितलं, आजारी होती. ती रडत म्हणाली, "मी रुसून बसले म्हणून गेली रे. माझंच चुकलं." मी, तिचा थोरला भाऊ, गप्प बसलो. वर म्हणालो, "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस." जणू मीच तिला माफ करतोय! दीड वर्ष झालं. यंत्राची तार मी काढून ठेवली आणि ती पुन्हा रोज येते, पण पापाची भरपाई करायला आल्यासारखी. मला एका शब्दाने टोकत नाही. हे मला सहन होत नाही.

४. उरलेली तिन्ही मांजरं तिची. तिला हवी असतील तरच.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. शिव्या खायला आपण नसतो, हीच त्यातली सोय. ती मी सोडतो. धाकटी आत्ता आतल्या खोलीत आहे. सह्या झाल्या की कलम तीन मी स्वतः तिला वाचून दाखवीन.

स्थळ: राहतं घर, कामाचं टेबल
दिनांक: ९ ऑगस्ट, सकाळी साडेआठ

साक्षीदार: मांजरांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: यंत्र विकणारा दुकानदार (सही)
लिहून देणार: घड्याळजी (सही)

सहीनंतरची भर, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: वाचून दाखवलं. धाकटी म्हणाली, "दीड वर्ष, दादा?" घर घेशील ना, हे मी तिला विचारलं नाही.