कोतवालाने मोजलेला पाऊस

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि परवा पहिल्यांदा मला तुमचा राग आला.

तुम्ही गावचे कोतवाल. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी मोजायचं आणि तहसिलीला कळवायचं, हे तुमचं काम. मला आठवतं, आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीपाशी बसून वहीत आकडा लिहिता आहात. एकदा शाळेत माझ्या धक्क्याने मापकातली पाण्याची बाटली मोजण्याआधीच कलंडली. मी म्हणाले, अंदाजाने लिहा की. तुम्ही माझ्यावर हात उगारलात तो तेवढा एकदाच. "अंदाजाचा आकडा या वहीत यायचा न्हाई." हे वाक्य मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते. बदलत्या हवामानात गावांनी कसं तगायचं, हा माझा विषय. प्राध्यापकी, मान, जे मिळालं ते तुमच्या वह्यांवर. तुमचे जुने आकडे आणि आताच्या स्वयंचलित यंत्राचे आकडे शेजारी ठेवून मी लिहिलं, की आपल्या भागात पाऊस वाढला आहे. त्याच आधारावर सरकारी समितीने नव्या पाणी आराखड्याच्या यादीतून आपल्याकडची गावं वगळली. आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे.

परवा विद्यार्थ्यांना घेऊन गावी गेले होते. दिंद्रुडपर्यंत बसने, पुढे रिक्षाने. शाळेचे जुने शिपाईकाका, तुमचे दोस्त, किराणा दुकानापुढे बसलेले. "पुण्याला पावसाची मॅडम झालीस म्हणं!" मी सांगितलं काय लिहिलं ते. ते इतके हसले की ठसका लागला.

"पाऊस कुठं वाढलाय माय? वतणारा मेला!"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बरा पाऊस झाला की तुम्ही बाटली काढायचात, त्यातलं थोडं पाणी जास्वंदीच्या बुडाला ओतायचात आणि राहिलेलं मोजायचात.

"पण का?"

"का म्हंजी? पाऊस बरा दिसला की गाव दुष्काळाच्या यादीतून गेलंच. मी म्हणलं, कोतवाल, ही लबाडी हाय. तर म्हणला, मोजलं तेवढंच लिवतो, खोटं कुठं लिवलं बे?"

"किती ओतायचे, काका?"

"आता ते कोण मोजतंय!"

विद्यार्थी हसले. मीही हसले, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

घरी येऊन वह्या काढल्या. एकही खाडाखोड नाही. तुम्ही गावासाठी केलंत, हे मला समजतं. पण ज्यांना तुम्ही यादीत ठेवलंत, त्यांनाच मी तुमच्या आकड्यांनी यादीबाहेर काढलं, आणि तुमच्या नावाने आभार मानून काढलं. हे कोणत्या तोंडाने कोणाला सांगू?

काल समितीला पत्र पाठवलं. जुने आकडे धरू नका, माझा निष्कर्ष मी मागे घेते, ती गावं परत यादीत घ्या. ते पोचलं, आज उत्तरही आलं. हे पत्र मात्र कुठेच जाणार नाही, म्हणून इथे सांगते. आकड्यांत नेमका दोष काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कळवलं, की पर्जन्यमापक गळका होता.